डाव्या बाजूचं पेडल

अमरावती, राजापेठ
१९ ऑक्टोबर १९६४

खुशाल,

नमस्कार लिहीत नाही. आधीचे सगळे तुझ्याकडे पडून असतील, त्यांतलाच एखादा काढून घे.

कामाचंच लिहितो. गाडी चालत नाही.

दसऱ्याला नेहमीसारखी धुतली. केशरबाईनं झेंडूची माळ करून दिली, मी बॉनेटवर हळदकुंकू लावलं आणि इंजिन सुरू केलं. इंजिन लागलं, अगदी पहिल्या हाकेला. मग तू शिकवलं होतंस तसा दांडा ‘डी’वर आणून ब्रेकवरचा पाय अलगद उचलला. मला येतं ते एवढंच, गोठ्यापासून निंबापर्यंत पुढं आणि निंबापासून गोठ्यात मागं. दसऱ्याची तेवढी मिरवणूक तू गेल्यापासून मी एकदाही चुकवलेली नाही. या वेळी इंजिन गुरगुरलं, माळ थरथरली आणि गाडी जागची हलली नाही. जास्त पेट्रोल दिलं तर नुसताच आवाज वाढला. केशरबाई दारातून म्हणाली, “मास्तर, तिले राहू द्या. तिचं मन नाई आज.”

दुसऱ्या दिवशी तुझा पुतण्या आला. उत्तमराव मोठा माणूस झाला, धोतर सोडून पाटलोण घालतो. चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर बूट आपटला आणि म्हणाला, “काका म्हणाले, चालत असन तर राहू द्या मास्तरकडे. नाहीतर संक्रांतीनंतर भंगारवाला घेऊन येतो.”

मी त्याला म्हणालो, “चालते.”

खोटं बोललो. शाळेत तू खोटं बोलायचास आणि मी छड्या खायचो, आता एवढं मला क्षम्य आहे.

खरं काय ते तूच सांग. विकायची आहे का तुला? की नुसतंच म्हणालास? तुझं नुसतं म्हणणं मी ओळखत होतो, पण आता साडेचार वर्षं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आहे.

घरी सगळं ठीक आहे, म्हणजे मी एकटा ठीक आहे. संध्याकाळचं जेवण मी हल्ली गाडीत बसून करतो. स्वयंपाक करणारी केशरबाई रागावते. “घरात पाट मांडला तं तुमी ताट घेऊन गोठ्यात जाता. ते गाडी का तुमची बायको हाय?” मी हसतो. अनसूया जाऊन बारा वर्षं झाली, घरातल्या पाटावर समोरची भिंत दिसते. गाडीत निदान काच आहे, पलीकडे निंब आहे, आणि उजवीकडची जागा तुझी आहे. दसरा सोडला तर तिथं मी बसत नाही. नेहमीसारखा डावीकडेच बसतो.

तुझा
हरिहर


अमरावती
१४ नोव्हेंबर १९६४

खुशाल,

तुझं कार्ड आलं. तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. “हरबा, गाडीचं मले काई सांगू नको. चालत नसन तर मोडून टाक. खुशाल.” बस. एवढंच.

पण तू हरबा लिहिलंस. उत्तमरावाच्या तोंडी मी मास्तर असतो, गावाच्या तोंडी हरिहरपंत. हरबा म्हणणारा जगात एकच उरला आहे आणि तो म्हणतो, मोडून टाक.

मोडायच्या आधी उघडून तरी पाहावं म्हणून श्रावणभाऊला बोलावलं. बडनेरा रोडवर त्याचं गॅरेज आहे, ट्रकांची कामं करतो. दसऱ्याला तो बायकापोरांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तिकडून आल्यावर हातात ट्रकचीच कामं होती, म्हणून दिवाळी उलटली. गाडीखाली शिरून इकडंतिकडं चाचपत राहिला. मग आतूनच आवाज आला, “मास्तर, हे गाडी लंगडी हाय का? हिले क्लचच नाई!”

मी म्हणालो, “गाडी लंगडी नाही. तिचा मालक लंगडा आहे, म्हणून घेतली.”

रागावू नकोस. तूच असं म्हणायचास. कापसाच्या कंपनीचा तो गोरा साहेब त्रेपन्न साली गाशा गुंडाळून निघाला, तेव्हा तू ही गाडी चालवून पाहिलीस आणि तशीच माझ्या शाळेच्या फाटकात आणून उभी केलीस. मी वर्गात गणवृत्तं शिकवत होतो. तू खिडकीतून ओरडलास, “हरबा, या गाडीले डावा पायच लागत नाई! अमेरिकेनं माह्यासाठीच बनवली!” पोरं हसली. लहानपणच्या तापानं वाळलेला तुझा तो पाय, त्यावरून आयुष्यभर तुला कुणी गाडी चालवू दिली नव्हती. त्या दिवशी तू मला मोर्शीपर्यंत नेलंस. संत्र्यांच्या बागा दोन्हीकडून पळत होत्या आणि आपण भेंड्या खेळत होतो. ‘ळ’ आला की तू हरायचास, आणि हरायला आलास की स्वतःच ओळ रचून “जुन्या कवीची हाय, तुले माहीत नाई” म्हणून दामटायचास. त्यांतल्या काही ओळी मला अजून पाठ आहेत. वृत्तात एकही बसत नाही.

असो. श्रावणभाऊनं निंबाच्या फांदीला साखळी बांधून तो गिअरचा डबा खाली उतरवला. बैल बसावा तसा बसला जमिनीवर. झाकण काढलं तर आत काय होतं सांगू? मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती तीन लहान चाकं स्वतःभोवती फिरत त्याच्याहीभोवती फिरणारी, आणि बाहेरून सगळ्यांना कवेत घेणारं एक कडं. सूर्य आणि ग्रह! तू सात वर्षं पायाखाली सूर्यमाला घेऊन हिंडत होतास आणि आपण दोघं संत्री खात होतो.

फक्त ती सूर्यमाला डिंकात बुडली होती. पिवळा, चिकट, दोरा निघेल असा डिंक. श्रावणभाऊनं बोट बुडवलं, वास घेतला आणि उकिडवाच खाली बसला. “मास्तर, हे सरकीचं तेल हाय! याच्यात लाल तेल लागते, पातळ, मंबईहून येते. कोन्या शहान्यानं टाकलं हे?”

मला आठवलं सगळं. लाल तेल संपलं होतं, मुंबईची वाट पाहायला तुला सवड नव्हती. तू तुझ्या अकोल्याच्या मिलचा डबा उघडलास, बोटावर तेल घेऊन मला चाखायला लावलंस आणि म्हणालास, “वऱ्हाडाचं तेल हाय. अमेरिकेच्या पोटाले चालते.”

श्रावणभाऊ वाट पाहत होता. मी म्हणालो, “मी टाकलं.”

तो म्हणाला, “तरीच. शिकलेला मानूसच असं करते.”

हरिहर


अमरावती
९ डिसेंबर १९६४

खुशाल,

या पत्राला उत्तर हवं आहे. एका शब्दाचं चालेल.

डबा दुरुस्त होत नाही. आतल्या चकत्या जळल्या आहेत, नव्या अमेरिकेहून याव्या लागतात आणि हल्ली सरकार काही येऊ देत नाही. श्रावणभाऊ म्हणतो, एक रस्ता आहे. उलटलेल्या एका गाडीचा साधा गिअरबॉक्स त्याच्याकडे पडून आहे, क्लचचा. इंजिनाला तो थेट बसत नाही, मधे लोखंडी ताट कापून लावावं लागेल, मागचा शाफ्ट चार बोटं तोकडा पडतो, तो लेथवर वाढवावा लागेल. पण होईल. संक्रांतीच्या आत होईल. गाडी पळेल.

“फक्त मंग डावा पाय लागन,” तो म्हणाला. सहज म्हणाला. त्याला काय माहीत.

तेव्हापासून मला झोप नाही.

बघ ना, मी आजवर ती गाडी काय म्हणून सांभाळली? चालवता मला येत नाही, शिकायचं वय नाही, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. श्रावणभाऊ म्हणतो, “मी शिकवतो तुमाले.” मी नको म्हणालो. बैलगाडीसुद्धा माझ्या हातून कधी सरळ गेली नाही. मी गाडी सांभाळली कारण एक दिवस तू येशील, काही न बोलता उजवीकडे बसशील आणि मी डावीकडे बसेन. ती बंद पडली तरी तुझीच गाडी आहे. पण तिला क्लच बसवला तर ती गावातल्या कुणाही दोन पायांच्या माणसाची होईल, तुझी तेवढी राहणार नाही. आणि नाही बसवला तर संक्रांत झाली की उत्तमराव येतो.

मोडू की परकी करू? दोन्ही माझ्याच हातून व्हायचं.

बडनेऱ्याचं मी कधी पत्रात काढलं नाही. आज काढतो. साठ सालच्या एप्रिलचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी नवं राज्य होणार म्हणून रस्त्यात कमानी उभारत होते. तू म्हणालास, नागपूरची राजधानी गेली, आता वऱ्हाडानं मुंबईच्या पायऱ्या झिजवाव्या. मी म्हणालो, भाषा एक तर राज्य एक. तू म्हणालास, तुया पुण्याच्या भाषेत मले कोनी पानी तरी विचारते का? मी म्हणालो, कवितेला जिल्हे नसतात. तेव्हा तू स्टेशनासमोर गाडी थांबवलीस, किल्ली माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालास, “मंग चालव आता तुया एका भाषेच्या राज्यात.” काठी टेकत गेलास. मला वाटलं पान खायला गेलास. अकोल्याची पॅसेंजर सुटली तरी मी पानाचीच वाट पाहत होतो.

अंधार पडल्यावर कापसाच्या एका बंडीवाल्यानं बैल जुंपून गाडी ओढत आणली. कमानींखालून. लोकांना वाटलं, नव्या राज्याचीच मिरवणूक निघाली. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. राज्य झालं ते बरंच झालं. पण तू अकोल्याला पुतण्याकडे जाऊन राहिलास ते बरं झालं नाही.

एक शब्द लिही. ‘बसव’ किंवा ‘नको’.

हरिहर


अमरावती
२८ डिसेंबर १९६४

खुशाल,

पोस्टमन दारावरून सायकल न थांबवता जातो. हल्ली त्याला माझ्याकडे बघायचा संकोच वाटतो, मलाही त्याच्याकडे.

तुझा शब्द आला नाही, तेव्हा मीच ठरवलं. ऐक.

काल श्रावणभाऊचा गिअरबॉक्स चढवून झाला. पेडलसाठी पत्र्याला भोक पाडायचं होतं, म्हणून त्यानं पुढचा गालिचा उचलायला घेतला. उजवीकडचा सोडवला, मग डावीकडे आला आणि थबकला. “मास्तर, हे काय? इथं तं काईच नाई, मंग गालिचा असा काहून झिजला?”

डाव्या बाजूच्या गालिच्याला टाचेएवढं गोल भोक पडलं आहे. खालचा पत्रासुद्धा चकचकीत झाला आहे.

मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना. ते माझ्या पायाचं भोक आहे, खुशाल. तू जोरात हाकायचास आणि समोर म्हैस आली की मी डावीकडे बसून पाय दाबायचो. तू म्हणायचास, “हरबा, तुया पायाखाली ब्रेक नाई, काहून अमेरिकेचा गालिचा फाडून राहिला?” सात वर्षं मी तिथं काही नसताना दाबत होतो.

मी म्हणालो, “श्रावणभाऊ, भोक इथं पाडा.”

“इथं?”

“पेडल इथं बसवा. डाव्या सीटपुढं.”

त्यानं दुसरा तोडगा काढला. नागपूरला मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीत दोन्हीकडे पेडलं असतात म्हणे, तसं करून देतो म्हणाला, एक इकडे, एक तिकडे. मी म्हणालो, “तिकडे नको. फक्त इकडे.”

“मास्तर, मंग एकट्याले गाडी चालवताच येनार नाई!”

“एकट्यासाठी मी करतच नाही.”

हातातला पाना खाली ठेवून तो विडी ओढायला निंबाखाली गेला. अर्धी विडी झाल्यावर तिथूनच म्हणाला, “दुसरा कोन?” मी सांगितलं. तुझा पाय, मोर्शीचा रस्ता, बडनेरा, सगळं. त्यानं विडी विझवली. “पेडलाची सळई आडवी न्यावी लागन,” एवढंच म्हणाला आणि परत गाडीखाली गेला.

तेव्हा आता असं आहे. सुकाणू, ब्रेक, पेट्रोल उजवीकडे. गिअरचा दांडा सुकाणूखाली, तोही तुझ्याच हाताशी. क्लच डावीकडे.

रोज सकाळी सराव चालतो. तुझ्या जागी श्रावणभाऊ बसतो, माफ कर. तो “दाब” म्हणतो तेव्हा मी सोडतो आणि “सोड” म्हणतो तेव्हा दाबतो. गिअर असे किंचाळतात की राजापेठेतली कुत्री आधीच पळतात. केशरबाई म्हणते, “दोघं मिळून एक गाडी हाकता, तेबी रडवत.” शेवटी मी एक युक्ती काढली. भुजंगप्रयात! एका चरणात चार गण. पहिल्याला दाबायचं, दुसऱ्याला त्यानं गिअर टाकायचा, तिसऱ्याला हळूहळू सोडायचं, चौथ्याला गाडी निघते. ओळही रचली आहे, जुन्या कवीची नाही, माझीच:

निघाली निघाली जुनी ती सवारी
कुणाचे सुकाणू, कुणी पाय मारी

श्रावणभाऊ आधी म्हणाला, “हे गाडी हाय मास्तर, शाळा नाई.” आज सकाळी तोच मोठ्यानं म्हणत होता, आणि एकदाही दाते वाजले नाहीत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी येतो. उत्तमरावाला सांग, भंगारवाला आणू नको.

हरबा


अकोला, रामदासपेठ. तुझ्या दारासमोर
१७ जानेवारी १९६५, दुपार

खुशाल,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. गाडीत बसून लिहितो आहे, उत्तमराव आत आणून देतील.

आलो. बडनेरा स्टेशनावरून गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटून दाबत-सोडत होतो, ती जागा पाहिली नाही. मूर्तिजापूरला चहा घेतला. केशरबाईनं तुझ्यासाठी तिळगूळ बांधून दिला होता, तो बोरगाव मंजूला संपला. श्रावणभाऊला भूक लागली होती आणि मला धीर नव्हता.

तुझ्या घरासमोर उभी केली. श्रावणभाऊला मी परतीच्या पॅसेंजरनं पाठवून दिलं. तो म्हणाला, “मास्तर, थांबतो ना मी. ते नाई आले तर तुमी काय करसान?” मी म्हणालो, “तुम्ही थांबलात तर तो मुळीच यायचा नाही. म्हणेल, ड्रायव्हर आहे की.” दोन पावलं गेला, परत आला, काच पुसली आणि गेला.

आता मी एकटा आहे आणि मला एकट्याला गाडी हलवता येत नाही. तुझ्या गल्लीत दोन बंड्या अडकल्या आहेत. बंडीवाले काय काय म्हणत आहेत ते तुला आत ऐकू येत असेलच.

खिडकीची एक फळी उघडली ती मी पाहिली. मिटली तीही पाहिली. मग उत्तमराव बाहेर आले. “काका विचारतात, कोनं आनली?” मी म्हणालो, मी. ते आत गेले, परत आले. “काका म्हणतात, ज्यानं आनली त्यानं न्यावी.”

तेच तर जमत नाही रे. अर्धीच गाडी माझ्याकडे आहे. उजवी बाजू रिकामी आहे.

आता उत्तमराव तिसऱ्यांदा आले. घाम पुसतात बिचारे. “काका विचारतात, डब्यात तेल कोनतं टाकलं?”

तर ऐक. बाजारातलं टाकलं आहे, गिअरचं. तुझ्या मिलचं नाही. आधीचं कुणी टाकलं होतं ते श्रावणभाऊला मी सांगितलेलं नाही, आणि तू त्याला भेटलास तर तूही सांगू नकोस. त्याच्या लेखी मीच तो शहाणा.

राज्याबद्दल माझं मत तेच आहे. तुझंही तेच असेल, असू दे. इथून मोर्शीपर्यंत वेळ भरपूर आहे, भांडता येईल. मात्र या वेळी तुला उतरून जाता येणार नाही, कारण गाडी थांबवायला माझाही पाय लागेल. आणि मलाही तुला सोडून पुढं जाता येणार नाही. श्रावणभाऊनं सळई पक्की वेल्ड केली आहे.

पेडल कडक आहे. मी सकाळपासून दाबतो आहे, पोटरीत गोळे आले आहेत, पण पाय तिथंच ठेवला आहे. गालिच्याच्या त्याच भोकात. आता तिथं खरंच काहीतरी आहे.

किल्ली तुझ्या बाजूला लावलेली आहे. काठी मागच्या सीटवर टाक, पूर्वीसारखी. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसता बस आणि ‘दाब’ म्हण.

हरबा